खोलीत किती जण झोपतात

९ फेब्रुवारी, रविवार

आज भंडाऱ्यात तीन दुकानं पालथी घातली आणि तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न ऐकला. खोलीत किती जण झोपतात? मी म्हटलं, कोणीही झोपत नाही, दोनशे पिशव्या टांगायच्या आहेत, त्यांत धिंगरी मशरूम वाढवायचं आहे. पहिला दुकानदार म्हणाला एक टन पुरे. दुसरा म्हणाला पश्चिमेची भिंत तापते, दोन टनाच्या खाली विचारच करू नका. तिसऱ्याला फार गंमत वाटली. "मॅडम, पावसाळ्यात आमच्या रानात सात्या उगवतात, त्याइले कोण एसी लावते?" मी म्हटलं, त्या रानअळंब्या पावसाळ्यात उगवतात, मला मे महिन्यात उगवायच्या आहेत. तर म्हणे, "पिशव्या घोरत तं नाही ना?"

शेवटी दीड टनाचा सांगून आले. कोणाचंच पटलं नाही म्हणून मधला घेतला. अशाने कोणी यंत्र निवडतं का? पण मला २४ अंश हवेत आणि खोलीत ओलही हवी, हे ऐकून घ्यायला एकही जण तयार नव्हता.

भुपेंद्रला फोन केला. तो म्हणाला, "कर, कर. मे अखेरपर्यंत ठरलंच आहे आपलं." ठरलंय ते असं. सासूबाई गेल्यावर मामाजींसाठी, भुपेंद्रच्या वडिलांसाठी, मी नागपूरहून इथे अड्याळला आले. तो तिकडेच शाळेत शिकवतो, शनिवारी येतो. मे अखेरपर्यंत भंडाऱ्याच्या हॉटेलाला नेमाने माल जायला लागला तर मी इथे राहून हे काम करायचं. नाही जमलं तर जूनमध्ये घराला कुलूप आणि मामाजींसकट नागपूर, तिसरा मजला. अकरा वर्षं मी त्या तिसऱ्या मजल्यावर काढली आहेत. मला परत जायचं नाही. हे त्याला अजून इतकं सरळ सांगितलेलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

सचिनने एसी बसवला. गावातलाच आहे, फ्रिज, कूलर, एसी सगळं करतो. धानाची मागची खोली आम्ही चुन्याने पांढरी केली, कामाला येणाऱ्या रंभाबाईने आणि मी. मामाजी सचिनच्या शिडीपाशी उभे राहून प्रश्न विचारत होते.

"थंडी हवा येते कोठून अन् जाते कोठं?"

"जात नाही कोठंच, काकाजी. तेच हवा फिरून फिरून थंडी होते."

"म्हणजे शिळी हवा."

प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवयच आहे त्यांना.

प्रशिक्षणाची वही काढली. पाच दिवसांपैकी तिसऱ्या दिवशी मी नव्हते, मामाजींना दातांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. त्या पानावर मैत्रिणीकडून उतरवलेली फक्त एक ओळ आहे, 'खोलीत हवा खेळती ठेवणे'. एसीचा पंखा चोवीस तास फिरणार आहे, म्हणजे हवा खेळतीच राहणार. हा मुद्दा निकालात.

त्या डॉक्टरने मामाजींना तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालायला सांगितली होती. दोनच गेली. चाळीस वर्षं तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ल्यावर दुसरं काय होणार. डॉक्टर म्हणाले, आता सोडला नाही तर एक दिवस भाताचा घासही जाणार नाही. मामाजींनी तिथल्या तिथे खर्रा चोळायची प्लास्टिकची पन्नी कचऱ्याच्या डब्यात टाकली. त्या दिवसापासून ओसरीवर पन्नी चोळत बसलेले दिसले नाहीत. मी माहेरी सगळ्यांना अभिमानाने सांगते. दर रविवारी बोटं मोजते.

खोली २४. बोटं दोन.

६ मार्च

पहिली तोडणी. तळहाताएवढ्या छत्र्या, देठ आखूड, पांढऱ्याशुभ्र. रंभाबाई बघतच राहिली. हॉटेलवाल्याने फोन करून विचारलं, परत कधी?

दीड टन बरोबर निघाला, मी उगीच घाबरत होते. एसीने खोली कोरडी पडते म्हणून भिंतींना ओली पोती टांगली आहेत. बाकी काही करावं लागत नाही. मामाजी दिवसभर त्या खोलीत जाऊन येऊन असतात. "तू जा तुया कामाले, मी पाहतो त्याइले," म्हणतात. उन्हाळा लागलाय, गारव्याला जात असतील. जाऊ देत बिचारे. नागपूरच्या फ्लॅटवर आठच दिवस टिकले होते. का परत आलात विचारलं तर म्हणाले, खिडक्याइले जाळ्या आहेत.

१४ मार्च

एसी आवाज करायला लागला. चर्र, चर्र, काहीतरी घासल्यासारखा. दोन-तीन मिनिटं येतो आणि थांबतो. मी अंगणातून धावत मागे जाईपर्यंत बंद. आत फक्त मामाजी, शांतपणे पिशव्यांकडे बघत.

"आवाज आला का तुम्हाला?"

मान हलवली, नाही.

१८ मार्च

सचिन येऊन गेला. जाळी धुतली, पंखा तपासला, काही सापडलं नाही. मी चहा टाकायला आत गेले तर तो आणि मामाजी मागच्या खोलीत दहा मिनिटं गप्पा मारत होते. बाहेर आल्यावर म्हणाला, "काही नाही, वहिनी. मशीन चांगली आहे." हे बोलताना माझ्याकडे बघत नव्हता. नवी मशीन घेऊन जेमतेम महिना झाला आणि हा सांगतो चांगली आहे.

२३ मार्च, रविवार

कमाल झाली. दुपारी लाइट गेली होती, तरीही आवाज आला. चर्र, चर्र. बंद एसी आवाज कसा करतो? सचिनला फोन लावला. तो म्हणाला, पत्रा थंडगरम होताना असा आवाज येत असतो. असेल.

दुसरी तोडणीही झकास आली. हॉटेलात आता आठवड्यातून दोनदा द्यायचं ठरतंय. पण या आवाजाने डोकं फिरायची वेळ आली आहे. एक दिवस यंत्र बंद पडणार आणि मी उभी राहणार.

खोली २४. बोटं दोन. खर्रा सोडून चार महिने झाले, अजून दोनच. वेळ लागतो म्हणाले होते डॉक्टर.

८ एप्रिल

आजचं आजच लिहून काढते.

भंडाऱ्याला माल देऊन लवकरच्या गाडीने परत आले. मागच्या खोलीचं दार ढकललं. बोडीच्या पाण्याकडची खिडकी सताड उघडी, बाहेरची झळ सरळ आत, एसी बिचारा धापा टाकतोय आणि खिडकीपाशी मामाजी, हातात पन्नी, अंगठ्याने चोळत. चर्र, चर्र.

म्हणजे हा आवाज. महिनाभर मी सचिनला ज्यासाठी बोलावत होते तो हा आवाज.

मी फार बोलले. इतके दिवस खोटं बोलत होतात का म्हटलं. दवाखान्यात सगळ्यांसमोर पन्नी टाकली ती काय नाटक होतं म्हटलं. मग तोंडातून जायला नको होतं तेही गेलं. "तुम्हाला माझं काम बुडवायचं आहे. खुशाल नागपूरले जायचं असंन तर तसं सांगा न. माझी पिकाची खोली कायले उघडी टाकता?"

त्यांनी हात वर केला, थांब असा. मग पाठ फिरवून खिडकीतून थुंकले. मी रडत बोलत असताना पाठ फिरवून थुंकले.

ते वळून तोंड उघडायच्या आत मी निघून आले.

१२ एप्रिल

खोलीला कुलूप लावलं, चावी माझ्या कमरेला. खिडकी आतून थर्माकोल लावून बंद केली, कडेने चिकटपट्टी. दाराच्या फटीत गोणपाट. आता एक चमचाभर गरम हवा आत जाऊ शकत नाही. नव्या पिशव्या टांगल्या. काटा २३ वर येऊन बसला आहे, हलत नाही. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

आवाज पूर्ण बंद.

मामाजी ओसरीवर बसतात. जेवताना बोलत नाहीत. मीही नाही. रविवारची बोटं मोजणं मीच सोडून दिलं. कशासाठी मोजायची?

१९ एप्रिल

हे काय उगवलंय? देठ वीतभर लांब, वर छत्री शर्टाच्या गुंडीएवढी. सगळ्या पिशव्यांतून असे देठच देठ लोंबतायत. रंभाबाई म्हणाली, "बाप्पा, हे तं शेवग्याच्या शेंगा दिसून राहिल्या." मला हसू आलं नाही. हॉटेलवाल्याला फोटो पाठवला, त्याने फोन केला नाही.

बिघाड एसीचाच आहे. दीड टन पुरत नसणार, बाहेर आता ४३ असतं. तो दुसरा दुकानदार बरोबर होता.

२४ एप्रिल

दोन टनाचा नवा बसवला, जुना उतरवून कोठीत ठेवला. मी म्हटलं, या वेळी फट राहायला नको. सचिन म्हणाला, "वहिनी, इतकं बंद करू नका न. कोंडल्यासारखं लागते आत." मी म्हटलं, तुला किती कळतं ते मागच्या महिन्यात पाहिलं. तो अवजारं पिशवीत भरायला लागला. मला माहीत होतं त्याच्या मनात काय आहे. तोही खर्रा खातो, दात बघितले तरी कळतं. दोघांनी मिळून मला वेडी बनवलं.

१ मे

दोन टनावरही तेच. उलट आणखी लांब. अर्ध्या पिशव्यांचे देठ पिवळे पडले. हॉटेलवाल्याने निरोप दिला की तूर्तास नको, नंतर बघू.

भुपेंद्र सुट्टीला आला होता. खोली पाहिली, पिशव्या पाहिल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काही हरकत नाही, मेघा. प्रयत्न तर केला न तू." इतक्या गोड आवाजात की मला त्याच्या हातावर काहीतरी आपटावंसं वाटलं. जाताना ओसरीवर मामाजींना सांगत होता, "बाबा, जूनमध्ये आपण सगळेच तिकडे. तुमच्यासाठी गॅलरीत खुर्ची ठेवून देतो." मामाजी तो गेल्यावर बराच वेळ रस्त्याकडे बघत बसले होते.

मला प्रथमच वाटलं की यांनाही जायचं नसेल. मग खिडकी का उघडत होते?

६ मे

प्रशिक्षणातल्या परसराम सरांना फोटो पाठवले होते, चार दिवसांनी फोन आला. मी टन, अंश, पोती, थर्माकोल, सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"ताजी हवा दिवसातून किती वेळा देता?"

मी म्हटलं, एसीचा पंखा सतत चालू असतो.

"ती तीच हवा आहे, मॅडम. मशरूम श्वास घेते. दोनशे पिशव्या बंद खोलीत श्वास सोडतात, तो बाहेर कधी जाईल? हवेसाठी मान वर करून करून देठ लांबतात. दिवसातून पाच-सहा वेळा खिडकी उघडायची, तिसऱ्या दिवशी तेच तर शिकवलं होतं."

मग म्हणाले, "मला कळत नाही, मार्चमध्ये तुमचं पीक इतकं सुंदर कसं आलं?"

मी फोन ठेवला आणि अंगणातच बसले.

दर दीड-दोन तासाला. तलफ आली की आत, पन्नी चोळायची, वास जावा आणि थुंकता यावं म्हणून खिडकी सताड. परत बंद. पहाटेपासून संध्याकाळपर्यंत. दोन महिने माझं पीक त्यांच्या खर्ऱ्यावर वाढलं आणि मी एसीचं कौतुक करत बसले. दुकानदार विचारत होता किती जण झोपतात. दोनशे, असं सांगायला हवं होतं मी.

कोणावर चिडावं तेही कळत नाही. ते खोटं बोलले, हे खोटं नाहीच. त्यांचं तोंड रोज थोडं थोडं मिटत होतं आणि तिकडे माझ्या छत्र्या उमलत होत्या. मला फार वाईट वाटतंय.

७ मे

थर्माकोल फाडून काढला. मग ओसरीवर जाऊन मामाजींसमोर चावी ठेवली आणि सरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं. बराच वेळ पाय हलवत राहिले.

"म्हणजे मी थुकाले खिडकी उघडो, तं ते जगे."

"हो."

"अन् तू खिडकी लावली, तं ते मेले."

"हो."

मी म्हटलं, त्या दिवशी बोलले ते चुकलं. खिडकी तुम्हीच उघडा. पण खर्रा नाही, मामाजी. या वेळी खरंच नाही.

"मंग आठवण कोण देईन?" ते म्हणाले. अगदी भोळेपणाने विचारलं. "घड्याळ पाहून मले काही होत नाही, सूनबाई. तलफ आली का पाय आपोआप तिकडं जाते, म्हणून उघडत होतो."

मला काय सुचलं कुणास ठाऊक. म्हटलं, "तर मग तलफ आली की जा. फक्त खिडकी उघडा. पाच मिनिटं उभे राहा, बोडीकडे बघा, लावून परत या."

माझ्याकडे असं बघितलं जसं मीच खर्रा खाऊन आले आहे. मग बंडीच्या खिशातून पन्नी काढली आणि चावीशेजारी ठेवली. कुलूप लावल्यावरही खातच होते तर.

८ मे

मामाजींनी खिडकीशेजारच्या भिंतीवर खडूने रेघा ओढल्या आहेत, एकदा उघडली की एक रेघ. आज चौदा. भर दुपारीही चार वेळा. खोली २९ वर गेली, नवा एसी रडकुंडीला आला. चौदा वेळा खिडकी उघडली तर काय राहणार थंड? मी दात-ओठ खात भिंतींची पोती ओली करत राहिले. चौदा तलफा म्हणजे काय असतं ते मला कुठे माहीत आहे.

संध्याकाळी त्यांच्या हातातलं भांडं खाली पडलं तर माझ्यावरच ओरडले. मीही ओरडले.

१३ मे

बारा. दुपारच्यासाठी खिडकीला ओलं पोतं टांगलं आहे, त्यातून येणारी झळ जरा गार होते. पोत्याची युक्ती मामाजींची, रंभाबाईला सांगतात मात्र सूनबाईची म्हणून. नव्या पिशव्यांना कोंब दिसतायत. देठ आखूड वाटतात. आत्ताच काही म्हणणार नाही.

१८ मे, रविवार

दहा. बोटं मोजली. दोन आणि वर जरासं. ते म्हणाले अडीच, मी म्हटलं सव्वादोन. वाद झाला.

सकाळची तोडणी मार्चसारखी. फोटो हॉटेलवाल्याला पाठवला. तासाभरात फोन, उद्या आणता का?

२१ मे

आज दुपारी मी अंगणात कपडे वाळत घालत होते आणि आवाज आला.

चर्र. चर्र. चर्र.

पन्नी ठेवून चौदा दिवस झाले होते. हातातलं लुगडं तसंच टाकून मागे धावले, दार ढकललं. मामाजी खिडकीपाशी, माझ्याकडे पाठ.

"दाखवा," मी म्हटलं. "हात दाखवा."

वळले. दोन्ही तळवे उघडे, रिकामे. नुसता खडूचा भुगा. तरी माझा विश्वास बसला नसावा, कारण त्यांनी तोंड उघडलं. जितकं उघडतं तितकं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आत काही नव्हतं.

आणि आवाज चालूच होता. चर्र, चर्र, आमच्या डोक्यावर.

"मी नाही, सूनबाई," मामाजी म्हणाले. "या खेपेले तो आहे."

दोन टनाच्या एसीचा पंखा घासत होता. सचिन आला, उघडून बघितलं आणि म्हणाला, "वहिनी, आता खरंच आहे." त्याच्याशी मी नीट बोलले. त्याने तो उतरवला आणि कोठीतला जुना दीड टनाचा चढवला. खिडकी उघडत राहिलं तर तोच पुरतो. मला खरं तर मामाजींची माफी मागायची होती. त्याऐवजी रात्री पापडांचा डबा काढला. त्यांनी एक पापड तुकडे न करता आख्खा तोंडात घालायचा प्रयत्न केला. गेला नाही. पण प्रयत्न केला.

२६ मे

सात.

सरांनी पाच-सहा सांगितल्या होत्या.

३१ मे, शनिवार

भुपेंद्र आला. आज त्याला खोली दाखवायला मीच पुढे झाले. चार रांगांत दोनशे पिशव्या, हॉटेलची टोपली भरून तयार. बघून खूश झाला, ते खरं आहे. मग शिक्षक जागा झाला त्याच्यातला. "पण हे खिडकीचं असं किती दिवस? टायमरवाला पंखा लाव. दर दोन तासांनी आपोआप हवा बाहेर. मग बाबांना इथे अडकून पडायला नको, मी त्यांना नागपूरला नेतो. तू इथलं बघ, शनिवार-रविवारी ये."

मामाजी दारात होते. म्हणाले, "त्या टायमरले तलफ येते का?"

भुपेंद्रला काहीच कळलं नाही. मला इतकं हसू आलं की भिंतीला धरून उभी राहिले. मग हसू थांबल्यावर जे अकरा वर्षं सांगितलं नव्हतं ते सांगून टाकलं. मी जूनमध्ये येत नाही. जुलैतही नाही. मला इथे राहायचं आहे, मामाजींनाही. तुला वाटलं तर तू बदली माग. तो जेवताना म्हणाला, "बघतो." चिडला आहे थोडा. चिडू दे.

तसा पंखा भंडाऱ्यात मिळतो, परवा दुकानात पाहून आले. त्याच तिसऱ्या दुकानदाराकडे. त्याने विचारलं, बांधून देऊ? मी नको म्हटलं, इतक्यात नको.

खोली २४. बोटं अडीच, यावर आज वाद झाला नाही.

भिंतीवर रेघा चारच. मामाजींनी भुपेंद्रला बोडीकाठी फिरायला नेलं आणि दुपारी गप्पांत बसले, दोनदा त्यांना खिडकीची आठवणच आली नाही. दोन्ही वेळा जाऊन मीच उघडली.